लाइव्हवाल्याची बिदागी

पुसद म्हटले की बाहेरच्यांना दोन मुख्यमंत्री आठवतात, गहुलीचे वसंतराव नाईक आणि त्यांचे पुतणे सुधाकरराव. पूस नदीकाठचे हे तालुक्याचे गाव अजून रेल्वेची वाट पाहत आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचे काम चालूच आहे. पण आपला आवाज बाहेर पाठवायला इथल्या पोरांना रेल्वे लागली नाही. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला, आणि बघता बघता शंकरपट, कबड्डी, टेनिस बॉलचे क्रिकेट, लग्ने, सेवालाल महाराजांच्या जयंतीच्या मिरवणुका असे सगळे लाइव्ह जाऊ लागले. त्या लाइव्हमागे बोलणारा एक माणूस असतो. कार्यक्रम संपला की तोरण, मंडप, साउंड यांचे पैसे चुकते होतात. बोलणाऱ्याला मात्र ‘तुझं चॅनल वाढलं ना?’ एवढेच ऐकायला मिळते.

त्याचा धंदा नवा मानला जातो, आणि तिथेच सगळी गफलत होते. हा लोकरंजनाचा जुनाच धंदा आहे. पोट कशावर चालवायचे आणि वरकमाई कशाला म्हणायचे, हे जुन्या कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या ठोकरा खाऊन ठरवले होते. ते विसरल्यामुळे आजची हुशार पोरे नागवली जात आहेत.

शंकरपटाचे, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचे, लाइव्ह एकदा नीट बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१मध्ये अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य धरला. पट पुन्हा भरले तेव्हा प्रत्येकाच्या हातात मोबाइल होता. उन्हात तिवईवर फोन, एक सिम रेंज सोडेल म्हणून दुसऱ्या कंपनीचे सिम घातलेला आणखी एक फोन, पॉवर बँक, कॉलर माइक. जोडी सुटते आणि काही सेकंदांत खेळ संपतो. पुढची जोडी लागेपर्यंत मिनिटामागून मिनिटे जातात, आणि खरे काम त्या रिकाम्या वेळातले असते. बैलांची नावे, मालकाचे गाव, धुरकऱ्याची मागच्या पटातली कामगिरी, मधेच ‘उमरखेडवरून दादा बघताहेत, राम राम दादा’. सकाळी दहापासून दिवस मावळेपर्यंत हे बोलणे थांबत नाही. शेजारी डीजेवर सिनेमाचे गाणे वाजले तर कॉपीराइटचा दावा येतो, म्हणून तिकडेही कान ठेवावा लागतो. ज्याला वाटते हे कोणीही करील, त्याने फक्त अर्धा तास करून पाहावे.

आता पैशाचे बघू. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे लागते. दहा डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे तपासायला पिन क्रमांकाचे पत्र पोस्टाने घरी येते. ते पाकीट ज्या घरात येते तिथे आई ते देवापुढे ठेवते. पण खात्यात पैसे पडायला शंभर डॉलर व्हावे लागतात, आणि तालुक्याच्या चॅनलला तो आकडा गाठायला महिने लागतात. म्हणून मग नजर जाते प्रेक्षकांनी थेट दिलेल्या पैशाकडे.

इथे मला तमाशातली दौलतजादा आठवते. संगीतबारीत रसिक नोट काढायचा, नाचणारी ती घ्यायची, देणाऱ्याचे नाव-गाव पुकारले जायचे आणि त्याची फर्माईश सादर व्हायची. मग शेजारच्याला ईर्षा चढायची, तो त्याहून मोठी नोट काढायचा. २०१७मध्ये यूट्यूबवर आलेले सुपर चॅट हुबेहूब असेच चालते. पैसे द्या, तुमचा निरोप रंगीत पट्टीत वर दिसेल. जास्त द्या, जास्त वेळ राहील. निवेदक तुमचे नाव घेईल. थिएटरमालकाचा जसा वाटा असे तसा इथे कंपनीचा तीस टक्के. बिगो लाइव्हसारख्या अ‍ॅपने तर नोटेच्या जागी चित्रातली भेटवस्तू ठेवली आणि दोन निवेदकांना समोरासमोर बसवून प्रेक्षकांची ईर्षा पेटवण्याची सोयही केली.

दौलतजादेचा स्वभाव जुन्या कलावंतांना पुरता ठाऊक होता. नाव पुकारून पैसे देणारा कलेचे दाम देत नाही, तो स्वतःचा मान विकत घेतो, आणि एकदा घेतला की हक्क सांगू लागतो. म्हणून ढोलकीफडाने आपला संसार सुपारीवर आणि तिकिटावर उभा केला. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी जत्रेच्या तारखा घेऊन येतात, बोली होते, इसार दिला जातो. आपल्या विदर्भात झाडीपट्टीनेही तीच रीत धरली. वडसा-देसाईगंजला नाट्यमंडळांची कार्यालये, दिवाळीनंतर हंगाम, दिवसा शंकरपट नि मंडई आणि रात्री नाटक, प्रयोगाची रक्कम आधी ठरलेली. परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरच्या कामासाठी. शहरातल्या नाट्यगृहांचे खेळ रोडावले तरी झाडीपट्टी टिकून राहिली. लोकांचे प्रेम तर तिला होतेच, शिवाय तिच्याकडे ठरलेली रक्कम आणि ठरलेला हंगाम होता.

लाइव्हवाल्याच्या हाती यातले काही नाही. त्याचा प्रेक्षकही त्याच्या मालकीचा नाही. २९ जून २०२०ला केंद्र सरकारने एकोणसाठ चिनी अ‍ॅप बंद केली. टिकटॉक गेले, बिगो लाइव्ह गेले, लाइकी गेले. देशाच्या सुरक्षेचा तो निर्णय होता, त्याविषयी वाद नाही. पण खेड्यापाड्यातल्या हजारो पोरापोरींनी जमवलेला जमाव एका रात्रीत पुसला गेला. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण टिकटॉकवरच नावारूपाला आला होता. तो त्यातून सावरला आणि २०२४मध्ये मराठी बिग बॉसच्या पाचव्या पर्वाचा विजेता ठरला. त्याच्या जिद्दीला सलाम. पण एकाच्या यशावर बाकीच्यांनी आयुष्य पणाला लावणे हा जुगार आहे.

या जुगाराचे टोक फ्रान्सने पाहिले. ऑगस्ट २०२५मध्ये नीस शहराजवळ एक निवेदक दहा दिवसांहून अधिक चाललेल्या लाइव्हमध्येच मरण पावला. त्याआधी त्याच्या चॅनलवर त्याचा छळ आणि अपमान हाच खेळ होऊन बसला होता आणि प्रेक्षक त्यावर पैसे टाकत होते. मृत्यू मारहाणीने झाला नाही असे शवविच्छेदनातून पुढे आले. पण माणसाचे हाल बघायला पैसे मोजणारा जमाव तयार झाला होता, हे कोणत्याही अहवालाने पुसले जाणार नाही. चीनने जुलै २०२४मध्ये लाइव्ह निवेदकाला अधिकृत व्यवसायांच्या यादीत घेतले. त्याआधी २०२२मध्येच सोळा वर्षांखालच्यांना निवेदक करण्यावर आणि अल्पवयीनांकडून पैसे घेण्यावर बंदी घातली होती. यूट्यूबनेही जुलै २०२५पासून एकट्याने लाइव्ह येण्याचे वय सोळा केले. आपल्याकडे ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली, हे फार चांगले झाले. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या यवतमाळ जिल्ह्यात, आपल्याच बोलीतल्या ओळखीच्या आवाजाने रम्मीचे अ‍ॅप घरात आणावे, याहून वाईट काय असेल?

बायकांचा प्रश्न याहून कठीण आहे. एखादी मुलगी गाणी म्हणायला, गप्पा मारायला लाइव्ह आली की पाचव्या मिनिटाला घाण सुरू होते. रात्री तिचे लाइव्ह बघणारेच सकाळी चौकात तिला नावे ठेवतात. राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचे अखेरचे दिवस महाराष्ट्राने हलाखीत जाऊ दिले. तो दुटप्पीपणा फोनमध्ये जसाच्या तसा उतरला आहे. पैसे मागणे तिचा गुन्हा नाही. फुकट बघून शिव्या देणाऱ्याचा आहे.

असे असूनही पुसदसारख्या गावाकडे एक मोठे भांडवल आहे. इथल्या बंजारा तांड्यांतली गोरबोली तेलंगण, कर्नाटक, आंध्रपर्यंत बोलली जाते. तिला स्वतःची लिपी नाही, पण लाइव्ह म्हणजे तर निव्वळ बोलणेच. तीजेची गाणी, होळीची लेंगी, पोहरादेवीची रामनवमीची यात्रा पुसदच्या पोराने गोरबोलीत निवेदन करून दाखवली, तर ऊसतोडीवरच्या कोपीपासून निजामाबादच्या तांड्यापर्यंत ती आपली म्हणून ऐकली जाते. हा प्रेक्षक मुंबईच्या कोणत्याही चॅनलला मिळणार नाही. दिल्ली-मुंबईच्या गेम खेळणाऱ्यांची नक्कल करत रात्र जागवणाऱ्या पोराला हे कोणीतरी समजावून सांगायला हवे.

आणि त्याला हेही सांगायला हवे की, बाबा, सुपारी घे. दर ठरव, वहीत लिही, सहीचा कागद कर. सुपर चॅट येईल ते वरचे, त्यावर घर चालवू नकोस. आठवड्यातून एक दिवस कॅमेरा बंद ठेव. प्रेक्षकांचे नंबर स्वतःजवळ ठेव, म्हणजे उद्या अ‍ॅप गेले तरी माणसे जाणार नाहीत. तालुक्यातल्या पाच-सहा जणांनी मिळून एकच दरपत्रक केले, तर एकमेकांचे भाव पाडणे थांबेल.

उरलेले काम आपले, म्हणजे गणेश मंडळांचे, पट भरवणाऱ्या समित्यांचे, लेकीचे लग्न दूरच्या नातलगांना दाखवू इच्छिणाऱ्या बापांचे. पुढच्या कार्यक्रमाचे अंदाजपत्रक करताना मंडप, साउंड, जेवण यांच्या खाली एक ओळ लाइव्ह निवेदकाची घाला. रक्कम आधी बोला, निम्मा इसार द्या, आणि उरलेली बिदागी त्याच दिवशी, तो तिवई आवरायच्या आत, त्याच्या हातावर ठेवा.