पक्षी स्पष्ट, पाठीमागचे धूसर

पक्ष्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांचा एक दंडक असतो : पक्ष्याचा डोळा लख्ख आला पाहिजे आणि त्याच्या पाठीमागचे सारे धुक्यासारखे विरून गेले पाहिजे. त्याची युक्तीही फारशी अवघड नाही. लांब पल्ल्याचे भिंग घ्यावे, त्याचे छिद्र मोठे ठेवावे, पक्ष्याच्या जवळ सरकावे आणि मागची झाडी त्याच्यापासून दूर राहील अशी जागा धरावी. मग खाडीच्या चिखलातला साधा बगळाही राजहंसासारखा शोभतो.

पण असे धूसर करणे हा खोटेपणा नव्हे काय? मला तसे वाटत नाही. आपला डोळाही एका वेळी एकच गोष्ट नीट पाहतो. जत्रेत आईची नजर आपल्या मुलावर असते, तेव्हा बाकीची गर्दी तिच्यापुरती विरलेलीच असते. निवडण्यात दोष नाही. जे निवडले नाही ते मुळी नाहीच, असे मानू लागणे हा मात्र दोष.

आमच्या जासईच्या आसपास हे लवकर ध्यानात येते. उरणच्या पाणथळीवर रोहित पक्षी उतरतात. जवळच १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन उभ्या आहेत. त्या विरवून टाकल्या तर चित्र देखणे होते. पण पक्ष्यांची जागा कोणत्या शेजारात उरली आहे, हे त्यातून कळत नाही. माणसांचेही तसेच. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जासईच्याच दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये याच परिसरात आंदोलन झाले. त्यात पाच जण गोळीबाराला बळी पडले. नव्या शहराच्या सुंदर चित्रांत ते कोठे दिसतात?

म्हणून अधूनमधून छिद्र थोडे लहान करावे. त्याने उजेड कमी मिळतो, झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते, आणि तेवढ्यात पक्षी हलला तर चित्र बिघडते. हा तोटा खरा आहे. पण दहा चित्रांतले एक तरी असे असावे, की ज्यात पक्ष्याचा डोळा स्पष्ट आहे आणि त्याचे घर कोणते, हेही मुलांना ओळखता येते.