खरवडलेलं लेबल

१९५०च्या दशकात किंग्स्टनमध्ये साउंड सिस्टिमवाल्यांची चुरस असे. क्लेमेंट ‘कॉक्सन’ डॉड अमेरिकेतून तबकड्या आणी आणि लेबलं खरवडून टाकी, म्हणजे गाणं कोणाचं ते ड्यूक रीडला कळू नये. विलिस जॅक्सनचं ‘लेटर फॉर गेटर’ तिथे ‘कॉक्सन हॉप’ म्हणून गाजलं. अखेर रीडनं तेच गाणं शोधून वाजवलं, तेव्हा डॉडची मक्तेदारी संपली.

याच डॉडनं पुढे स्टुडिओ वन काढला. तिथल्या वादकांना सहसा ठरावीक मोबदला मिळे, पुढे हक्क नाही. १९६७च्या ‘रिअल रॉक’ या वाद्यधुनेवर नंतर कितीतरी गायक गायले, तरी ती वाजवणाऱ्या साउंड डायमेन्शनमधली माणसं किती जणांना नावानं ठाऊक आहेत?

आज जुन्या सात इंची तबकडीला संग्राहक भरपूर पैसे मोजतो. ते जुन्या मालकाला मिळतात, वादकाला नाही. यात चोरी नाही, हे कबूल. उलट संग्राहकांनी जपल्या नसत्या तर कित्येक तबकड्या भंगारात गेल्या असत्या. कोऱ्या लेबलांमागची नावंही बरीचशी त्यांनीच हुडकली. पण सापडलेलं नाव सांगितलं की तबकडीची दुर्मिळता घटते, भावही उतरतो. म्हणून काही जण गप्प राहतात. (जपणूक हा शब्द त्यांच्याच तोंडी जास्त असतो.) मला हे मौन डॉडच्या खरवडण्याहून वाईट वाटतं. त्याला निदान उद्याच्या नाचाला गर्दी खेचायची होती, आणि गाणं तरी तो भर रस्त्यात, सगळ्यांसाठी वाजवत होता.