आलेली कळ आणि आणलेली कळ

बाळंतपणाच्या बोलण्यातले एक क्रियापद गेल्या दोन-तीन पिढ्यांत बदलले आहे. आमच्या आज्या सांगत, 'कळा आल्या आणि दाईला बोलावले.' आमच्या आया सांगत, 'कळा आल्या आणि दवाखान्यात नेले.' सातारा-सांगलीकडच्या आम्ही बायका आता पुष्कळदा सांगतो, 'दवाखान्यात नेले आणि कळा दिल्या.' क्रियापद बदलले, तसा कर्ताही बदलला. आलेली कळ अल्लाहच्या हुकमाने आली, असे म्हणून सोसता येत होती. आणलेल्या कळेमागे मात्र एका माणसाचा निर्णय असतो, ठरवलेला दिवस असतो, कुणीतरी टांगलेली सलाईनची बाटली असते. मग माणसाने आणलेल्या वेदनेसाठीही बाईकडून तोच सब्र मागायचा का? आणि ज्यांनी ती वेदना आणायचे ठरवले, ते तिचे काही देणे लागतात की नाही?

हा प्रश्न वैद्यकाच्या विरोधातला नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. दिवस भरून वर गेले, पाणमोट फुटली पण कळा सुरू होत नाहीत, रक्तदाब चढला, साखर वाढली, पोटात बाळाची वाढ थांबली, अशा वेळी वाट पाहत बसणे आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा आधी गोळी किंवा जेल देऊन पिशवीचे तोंड मऊ केले जाते, आणि मग सलाईनमधून थेंब मोजत ऑक्सिटोसिन सोडले जाते. हे द्रव्य मूळचे बाईच्या शरीरातलेच. मेंदूतल्या एका ग्रंथीच्या अर्काने गर्भाशय आकुंचन पावते, हे हेन्री डेल यांनी १९०६ साली दाखवले. व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते द्रव्य १९५३ साली प्रयोगशाळेत तयार केले आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्या शोधामुळे जगभरातल्या किती आया आणि लेकरे वाचली, याची मोजदाद करता येणार नाही.

जुन्या काळाचे गोडवे गाण्यातही अर्थ नाही. घरच्या बाळंतपणात दाईचा हात कुशल असे, तिच्या शब्दांत माया असे. पण बाई अडली, रक्त थांबेना, वार पडेना, म्हणजे दाईही दुआ मागण्यापलीकडे काही करू शकत नसे. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिशनचे रुग्णालय १८९४ साली उभे केले, १९६२ साली तिथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, पुढे कऱ्हाडलाही वैद्यकीय महाविद्यालय झाले. कृष्णाकाठच्या बायकांना याचा मोठा आधार झाला. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू नोंदले गेले. सबंध देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. या ३३ पर्यंत येण्यात दवाखान्याचा, सलाईनचा आणि ऑपरेशनच्या टेबलाचा मोठा वाटा आहे. तेव्हा आमचे भांडण सुईशी नाही. सुई टोचण्याआधी जे बोलणे व्हायला हवे आणि होत नाही, त्याबद्दल आम्हांला बोलायचे आहे.

आणलेल्या कळांची रीत वेगळी असते. आपणहून आलेल्या कळा बहुधा हळूहळू वाढतात, मध्ये श्वास घ्यायला उसंत देतात. औषधाने आणलेल्या कळा लवकर जोर धरतात आणि एकीमागून एक येतात, हा अनेकींचा अनुभव आहे. थेंब जास्त झाले तर गर्भाशय नीट सैल होत नाही आणि बाळाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. म्हणून अशा बाईजवळ सतत कुणीतरी लक्ष ठेवून असावे लागते. कधी बारा तास, कधी दीड-दोन दिवस लागतात, आणि एवढे होऊनही कधी सिझेरियन करावे लागते. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींचा एक अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. पिशवीच्या तोंडाशी फुग्याची नळी बसवणे आणि पोटात गोळी देणे, या दोन उपायांची त्यात तुलना होती. गोळी दिलेल्यांपैकी ५७ टक्के बायका चोवीस तासांच्या आत नैसर्गिक मार्गाने बाळंत झाल्या, नळीच्या गटात ४७ टक्के. म्हणजे त्यातल्या त्यात गुणकारी ठरलेल्या उपायातही शंभरातल्या त्रेचाळीस जणींचे तसे झाले नाही. ही गोष्ट बाईला आधी ठाऊक असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती 'माझ्यातच काही खोट आहे' असे म्हणत भिंतीकडे तोंड करून रडणार नाही.

कळा कधी आणाव्यात, यावर जाणकारांचेही एकमत नाही. काही गुंतागुंत नसेल तर ४१ आठवड्यांच्या आत कळा आणू नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. उलट अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, जोखीम नसलेल्या पहिलटकरणींना ३९व्या आठवड्यात कळा आणल्या, तेव्हा सिझेरियनचे प्रमाण वाढण्याऐवजी थोडे कमीच झाले. जिथे शास्त्रातच दोन वाटा आहेत, तिथे कोणत्या वाटेने जायचे हे जिला चालायचे आहे तिला विचारायला नको का?

आमच्याकडे काय होते ते पाहू. पहिले बाळंतपण माहेरी, ही चाल हिंदूंत आहे तशी आपल्यातही आहे. साताऱ्याची मुलगी सांगली-मिरजेला दिलेली असली, की सातव्या महिन्याचा कार्यक्रम आटोपून ती पेठनाका, कऱ्हाड ओलांडून माहेरी येते. सांगलीची साताऱ्याला दिलेली असली, तर त्याच रस्त्याने उलट जाते. एका गावच्या डॉक्टरची फाईल दुसऱ्या गावच्या डॉक्टरसमोर उघडते. नववा सरताना डॉक्टर म्हणतात, 'दिवस वर गेलेत, उद्या दाखल करा, कळा आणू.' मग फोन सुरू होतात. अब्बा जावयाला विचारतात. जावई आपल्या अम्मीला विचारतो. 'आमची माणसे पोचेपर्यंत थांबा,' असा सासरचा निरोप येतो. कुणाला रमजान लागण्याआधी व्हावे असे वाटते, कुणाच्या नवऱ्याची आखातातून आलेली रजा संपत असते. शेजारच्या घरात मुहूर्त पाहतात म्हणून आपण हसतो, पण तारखेचा मोह आपल्यालाही सुटलेला नाही. या सगळ्या धावपळीत दोन घरांतल्या आठ-दहा माणसांचे मत घेतले जाते. खाटेवर पडलेल्या मुलीला मात्र कपडे बदलायला सांगितले जाते.

कागदावर सही नवऱ्याची किंवा बापाची घेतली, की संमती झाली असे सगळेच धरून चालतात. कायदा तसे मानत नाही. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सज्ञान रुग्णाची संमती तिची स्वतःचीच हवी. त्या खटल्यात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन शस्त्रक्रिया केली होती. जिवावर बेतलेले नसताना आईची संमती पुरेशी नाही, असे न्यायालय म्हणाले. सख्ख्या आईची जिथे चालत नाही, तिथे सासऱ्याची कशी चालेल?

आता सब्राकडे येऊ. खाटेशी उभ्या असलेल्या मोठ्या बायका म्हणतात, 'सबर कर, बेटी.' त्या मायेनेच म्हणतात. त्यांनी स्वतः सोसलेले असते. बाळंतपणात मृत्यू आलेल्या स्त्रीला शहादतीचा दर्जा आहे, ही हदीसही आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण तो मान मृत्यू आलेल्या स्त्रीचा गौरव आहे. जिवंत बाईच्या हेळसांडीला तो आधार होऊ शकत नाही. आणि सब्र म्हणजे गप्प बसणे, हा अर्थ कुठून आला?

पाक कुरआनात एका बाळंतपणाचे वर्णन आहे. सूरह मरियममध्ये हजरत मरियम खजुराच्या झाडाच्या बुंध्याशी एकट्या आहेत. कळा इतक्या असह्य होतात की त्या आपल्याला आधीच मरण आले असते तर बरे, असे बोलून जातात. जगातल्या सगळ्या स्त्रियांतून निवडलेली ही स्त्री. तिच्या तोंडून निघालेला हा आकांत लपवलेला नाही, आणि त्याबद्दल तिला एका शब्दाने दटावलेलेही नाही. उलट तिला सांगितले जाते, की दुःख करू नकोस. पायाशी पाण्याचा झरा दिला जातो, झाड हलवून ताजा खजूर खायला सांगितले जाते, आणि लोकांच्या प्रश्नांना उत्तर न देण्याची मुभाही दिली जाते. धीराचा शब्द, पाणी, खाणे आणि लोकांच्या जिभेपासून बचाव, एवढे अल्लाहने कळा देणाऱ्या बाईला दिले. आमच्या प्रसूतिगृहांत आणि आमच्या घरांत यातले किती मिळते?

दुसरीही एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रसूतीची वेदना ही पहिल्या स्त्रीच्या पापाची शिक्षा आहे, ही समजूत बायबलच्या परंपरेत होती. स्कॉटलंडचे डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ साली बाळंतिणीला क्लोरोफॉर्म दिले, तेव्हा धर्माच्या नावाने येणाऱ्या आक्षेपांना उत्तर म्हणून त्यांना पुस्तिका लिहावी लागली होती. कुरआनात असा शाप नाही. तिथे चूक आदम आणि हव्वा दोघांची आहे, आणि तौबाही दोघांची आहे. आईने कष्टावर कष्ट सोसून बाळ वाहिले, हे कुरआन पुन्हा पुन्हा सांगते, पण ते लेकराने आईचे उपकार ओळखावेत म्हणून. वेदना कमी करायला इस्लामची हरकत नाही. मग वेदनाशामक मागणाऱ्या मुलीला 'आजकालच्या पोरींना काही सोसवत नाही' असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो?

प्रसूतिगृहातले टोमणे हा वेगळा विषय नाही, याच विषयाचा भाग आहे. ओरडणाऱ्या बाईला 'तेव्हा कळले नाही का' असे विचारणे, बुरखा बघून 'तुमच्यात किती असतात' असे हसणे, हे आमच्यातल्या अनेकींनी ऐकले आहे. त्याच खोलीत रात्रभर पाठ चोळत बसलेली सिस्टरही आम्हांला भेटली आहे. म्हणून सगळ्यांना एका मापाने मोजायचे नाही. पण ज्यांनी कळा आणल्या, त्यांनीच ओरडण्याबद्दल रागवायचे, यात न्याय नाही. सरकारी प्रसूतिगृहे सुधारण्यासाठी २०१७ च्या डिसेंबरात 'लक्ष्य' योजना सुरू झाली, आणि बाईशी सन्मानाने वागणे, तिच्या जवळचे माणूस सोबत असू देणे या गोष्टी तिच्यात आल्या. कागदावरचा हा हक्क मागायचा असतो, हे आधी आपल्या घरांना माहीत हवे.

यावर आक्षेप येतील. एका डॉक्टरच्या हाताखाली वीस-वीस बायका असतात, प्रत्येकीला समजावत बसायचे कधी? तातडीच्या क्षणी वेळ नसतो, हे खरे. पण नऊ महिन्यांत डझनभर वेळा तपासणी होते. कळा आणाव्या लागल्या तर काय करू, का करू, किती वेळ लागेल, नाही जमले तर पुढे काय, हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. दुसरा आक्षेप घरातून येतो: 'बाळासाठी आहे म्हटल्यावर ती नाही थोडीच म्हणणार? मग विचारायचे कशाला?' आम्हांला हाच आक्षेप जास्त महत्त्वाचा वाटतो. होकार मिळणारच आहे म्हणून विचारायचे नाही, हे निकाहात चालते का? तिथे घरादाराने सगळे ठरवलेले असते, तरीही वकील आणि साक्षीदार मुलीपाशी जाऊन तिचा होकार घेतात. तो होकार नसेल तर निकाह अपुरा, हे आपण जाणतो. तिच्या शरीराला चोवीस तास पिळून काढणारी कळ आणताना तेवढाही विचार होऊ नये? 'डॉक्टर म्हणतील तसे करा' असे ती म्हणाली, तर तोही तिचा निर्णय आहे. पण तो तिच्या तोंडून आला पाहिजे.

आणि बाळंतपण झाल्यावरचे बोलणेही थोडे सांभाळायला हवे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली २१.५ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाली, खासगी रुग्णालयांत तर ४७.४ टक्के. यातली गरजेची किती आणि बिलासाठी किती, हा हिशेब मागायलाच हवा, पण तो रुग्णालयांकडे. पोटावर टाके घेऊन घरी आलेल्या मुलीकडे नाही. 'आमच्या वेळी नव्हते बाई असले काही' हे वाक्य तिच्या चाळीस दिवसांत तिच्या कानावर पडू नये.

आपल्याकडे जन्मलेल्या बाळाच्या कानात अजान दिली जाते. अजून ज्याला शब्द कळत नाही, त्यालाही आपण कोण, कुठे आलो, हे सांगण्याची ही रीत फार सुंदर आहे. ज्या बाईला शब्द कळतात, तिच्या हातात सुई टोचण्याआधी तिच्याशी चार वाक्ये बोलायची रीतही आपण पाडू शकतो. त्याला ना फतवा लागतो, ना सरकारी ठराव. पुढच्या वेळी मुलगी सातव्या महिन्यात सांगलीहून साताऱ्याला निघेल, तेव्हा चोळी-बांगडीबरोबर तिची फाईल तिच्या स्वतःच्या हातात द्यावी. तपासणीच्या खोलीत तिच्याऐवजी इतरांनी उत्तरे देऊ नयेत. आपणहून आलेली कळ ती अल्लाहच्या भरवशावर सोसेल, तिच्या आज्यांनी सोसली तशी. पण कळ आणायची ठरलीच, तर का आणतो आहोत ते आधी तिला सांगावे, तिचा होकार घ्यावा, आणि ती ओरडली तर तिचा हात धरून बसावे.