पृथ्वी हलते ती कशाने?

जगातील सारी माणसे एका ठिकाणी जमली आणि सर्वांनी एकाच क्षणी उडी मारली, तर पृथ्वी जागची हलेल काय? मुले हा प्रश्न विचारतात आणि मोठी माणसे हसून सोडून देतात. परंतु यरीहोच्या तटाभोवती सात दिवस फेऱ्या घालणाऱ्या इस्राएल लोकांची कथा ज्यांनी बालपणी ऐकली, त्या आपल्याला तरी तो परका वाटू नये. तो तट पडला तो परमेश्वराच्या सामर्थ्याने. तरीही असंख्य पावले एकत्र पडली की काहीतरी अद्भुत घडते, ही आशा त्या कथेने आपल्या मनात रुजवली आहे.

पदार्थविज्ञानाचे उत्तर मात्र आपला अहंकार उतरवणारे आहे. पृथ्वीचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहायचे तर ६ वर २४ शून्ये द्यावी लागतात. आज आपण ८ अब्जांहून अधिक आहोत. सरासरी ६० किलो धरली तरी आपला सर्वांचा मिळून भार ५०० अब्ज किलोंच्या आसपास भरतो. पृथ्वी आपल्याहून सुमारे १२ लाख कोटी पटींनी जड आहे! आपण सर्वांनी अर्धा मीटर उंच उडी मारली, तर ती उलट दिशेला सरकेल ती हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाच्या दोन हजाराव्या भागाहूनही कमी. आणि आपण खाली येताच तीही पूर्वस्थानी येईल. ७ सप्टेंबर २००१ रोजी ब्रिटनमध्ये सुमारे दहा लाख शाळकरी मुलांनी ठरलेल्या वेळी मिनिटभर उड्या मारल्या. भूकंपमापकांना जमिनीची किंचित थरथर जाणवली, इतकेच.

मग माणूस पृथ्वीला हलवूच शकत नाही, असे म्हणून आपण निश्चिंत व्हावे काय? तसे होता येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाचा निष्कर्ष असा की, १९९३ ते २०१० या काळात मानवाने जमिनीखालून सुमारे २,१५० अब्ज टन पाणी उपसले आणि त्यामुळे पृथ्वीच्या परिवलनाचा ध्रुव सुमारे ८० सेंटिमीटर पूर्वेकडे सरकला. या उपशात पश्चिम उत्तर अमेरिकेबरोबर आपल्या वायव्य भारताचा वाटा मोठा आहे. ध्रुव नैसर्गिक कारणांनीही दरवर्षी काही मीटर डोलत असतो. त्यामुळे या सरकण्याने ऋतू बदलले नाहीत. तरीही ती माणसाच्या हातची खूण आहे.

उडीने जे साधले नाही, ते उपशाने कसे साधले? भेद साधा आहे. उडी मारणारा आपल्या जागी परत येतो. उपसलेले पाणी परत येत नाही. ते शेतातून, नाल्यातून, ढगातून अखेर बहुतांशी समुद्राला मिळते. एका जागेचा भार दुसऱ्या जागी कायमचा जातो आणि फिरणाऱ्या गोलाचा तोल बदलतो. उडीला गाजावाजा असतो, घटिका ठरलेली असते. उपशाला ना घटिका, ना साक्षीदार.

आता भागाकार करून पाहू. त्या काळच्या सुमारे सव्वासहा अब्ज माणसांत हे पाणी समान वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला ५० लिटर येतात. म्हणजे तीन-चार बादल्या. प्रत्यक्षात वाटे समान नव्हते. कोणी डोक्यावरून हंडा वाहिला, तर कोणी रात्रंदिवस पंप चालवला. आणि पंप चालवणाऱ्याचे धान्य कोणी खाल्ले? आपणच. वसईच्या बागायती पट्ट्यातील विहिरींचे पाणी टँकरने शहरी वसाहतींकडे जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने 'हरित वसई'ची चळवळ उभी राहिली. त्या वेळीही प्रत्येक टँकरवाला म्हणू शकत होता, "माझ्या एका खेपेने विहीर थोडीच आटते?" गणिताने तो खरा होता. नीतीने?

येथेच खरा प्रश्न आहे. ज्याचा वाटा मोजताही येत नाही, त्याच्यावर दोष येतो काय? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली समेट व प्रायश्चित्त या विषयावर लिहिलेल्या उद्बोधनपत्रात सामाजिक पापाचा विचार केला आहे. त्यांच्या मते असे पाप हे असंख्य व्यक्तिगत पापांचे संचित असते. ज्यांना ते टाळता आले असते पण जे आळसाने, भीतीने वा मौनाने स्वस्थ राहिले, तेही त्यात भागीदार असतात. व्यवस्थेला विवेकबुद्धी नसते. ती माणसाला असते. अणूएवढा दोष म्हणजे शून्य दोष नव्हे, कारण शून्यांची बेरीज कधीही ८० सेंटिमीटर होत नाही.

आपण मेळावे भरवतो, शपथा घेतो, वृक्षारोपणाची छायाचित्रे काढतो. हे सारे वाईट नाही. परंतु त्यांपैकी बरेचसे उडीच्या जातीचे असते. क्षणभर आपण वर जातो आणि जागच्या जागी परत येतो. पृथ्वीला जाणवते ते आपले रोजचे वागणे. मिस्साच्या आरंभी आपण छाती बडवून आपली पापे कबूल करतो, जे करायचे राहून गेले तेही कबूल करतो. त्या यादीत आता आपल्या तीन-चार बादल्याही असाव्यात. कारण ज्या हिशेबाने आपल्या सवयींनी ध्रुव सरकला, त्याच हिशेबाने आपल्या संयमालाही वजन आहे. तोही कोणाला दिसणार नाही. पण त्याचीही बेरीज होईल.