दिवस मोजायचे कुणी?



विवाहपूर्व मार्गदर्शनात एक प्रश्न हटकून येतो. एक जोडपे गोळी वापरते, दुसरे दिवस पाळते. दोघांनाही सध्या मूल नको आहे. हेतू एकच, मग एक मार्ग योग्य आणि दुसरा अयोग्य कसा? हा प्रश्न विचारणाऱ्याला आपण पुष्कळदा गप्प बसवतो. तसे करू नये. प्रश्न प्रामाणिक आहे, उत्तरही तसेच हवे.

प्रथम शरीराची रचना समजून घेऊ. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस जिवंत राहते. पुरुषबीज मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकू शकते. म्हणून एका चक्रात गर्भधारणेचा काळ साधारण सहा दिवसांचा असतो. पण हे सहा दिवस कॅलेंडरवर छापलेले नसतात. चौदाव्या दिवशीच स्त्रीबीज सुटते, हा समज चुकीचा आहे. आजारपण, मनस्ताप, बाळाला अंगावर पाजणे यांमुळे तो दिवस पुढे-मागे होतो. चक्र लहान असेल तर पाळी संपता संपता आलेल्या संबंधातूनही गर्भ राहू शकतो. तेव्हा ‘अमुक दिवस अगदी बिनधोक’ असे स्वतःच्या अनुभवावरून दुसऱ्याला सांगणे म्हणजे त्याची फसवणूकच होय.

गोळीचे काम वेगळे. ती मुख्यतः स्त्रीबीज सुटूच देत नाही. ती नियमित घेतली तर महिन्याच्या सर्वच दिवसांत गर्भधारणेची शक्यता फार कमी असते. गोळ्या चुकल्या, विशेषतः नवे पाकीट सुरू करायला उशीर झाला, तर तो भरवसा राहत नाही.

आता मूळ प्रश्न. गंभीर कारण असल्यास निसर्गाने दिलेल्या वांझ दिवसांचा आधार घेता येतो, असे पोप पायस बारावे यांनी 1951 साली सांगितले. 25 जुलै 1968 रोजी पोप पॉल सहावे यांनी ‘हुमाने व्हिते’ या परिपत्रकात तीच शिकवण मांडली आणि कृत्रिम साधने नाकारली. त्यांच्याच सल्लागार मंडळातील बहुमत वेगळ्या मताचे होते, हेही लपवण्याचे कारण नाही. शिकवणीचा गाभा असा : हेतू एक असला तरी कृती एक नसते. एखादी गोष्ट सांगायची नसेल तर माणूस मौन धरतो किंवा खोटे बोलतो. दोन्हींचा हेतू एकच; पण मौनात शब्दाचा मान राहतो, खोट्यात तो मोडतो. संयम पाळणारे जोडपे शरीराची भाषा मोडत नाही, ते थांबते.

मात्र इथेच आपल्याला स्वतःला तपासावे लागेल. थांबायचे कुणी? पुष्कळ घरांत दिवस मोजते ती पत्नी, चिंता करते ती पत्नी आणि हिशेब चुकला तर बोल खाते तीही पत्नीच. पतीला तारीखसुद्धा ठाऊक नसते. तिने ‘आज नको’ म्हटले तर घरात अबोला. अशा घरातील पद्धतीला ‘नैसर्गिक’ म्हणावे काय? करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात, संत पौल संयमासाठी दोघांच्या संमतीची अट घालतात आणि पतीच्या शरीरावर पत्नीचाही अधिकार सांगतात. ख्रिस्तसभेने हे ओझे दोघांच्या खांद्यावर ठेवले होते. आपण ते एकीच्याच डोक्यावर दिले. मग ती बिचारी गुपचूप गोळी घेऊ लागली, तर दोष एकट्या तिचा कसा?

आणखी एक. अतिरक्तस्राव किंवा तशाच विकारावर उपचार म्हणून डॉक्टर याच गोळ्या देतात. आवश्यक उपचाराला ‘हुमाने व्हिते’ची मनाई नाही. अशा भगिनीकडे संशयाने पाहणे हेच पाप ठरेल. तसेच, जबाबदार पालकत्व म्हणजे मुलांची रांग लावणे नव्हे, असे पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली मनिलाहून परतताना स्पष्ट केले होते.

तेव्हा बंधूंनो, पत्नीची दिवसांची वही आज तिच्याजवळ बसून वाचा. नीट माहिती डॉक्टरांकडून आणि प्रशिक्षित मार्गदर्शकांकडून दोघांनी मिळून घ्या. वेदीपुढे वचन दोघांनी दिले होते, दिवसही दोघांनीच मोजायला हवेत.