जेथे फुटते तेथेच दोष असतो काय?

एखादी गोष्ट मोडली की मनुष्य दोन प्रश्न विचारतो. हे कशामुळे झाले, हा पहिला. आणि हे कोणी केले, हा दुसरा. वरवर पाहता दोन्ही प्रश्न एकच भासतात आणि व्यवहारात आपण त्यांचे एकच उत्तर देऊन मोकळे होतो. परंतु पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधावे लागते, दुसऱ्याचे पुष्कळदा नेमावे लागते. आणि शोधण्यापेक्षा नेमणे सोपे असल्यामुळे बऱ्याचशा चौकश्या पहिल्या प्रश्नापासून निघतात आणि दुसऱ्यापाशी मुक्काम करतात. ज्याचे आयुष्य सरकारी कचेरीत जाते त्याला हे निराळे सांगावयास नको. तथापि कचेरीतील उदाहरणांत माणसांची भीड आड येते. यंत्राला कोणाचीच भीड नसते. म्हणून या प्रश्नाचा विचार एका जुन्या मालमोटारीच्या आधाराने करावा असे मला वाटते.

झाशीत अशी उदाहरणे धुंडाळीत जावे लागत नाही. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा ४४ क्रमांकाचा आणि पोरबंदरहून सिल्चरकडे जाणारा २७ क्रमांकाचा असे दोन राष्ट्रीय महामार्ग या शहरापाशी एकमेकांना भेटतात. मे-जूनमध्ये येथील पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि मग रस्त्याकाठच्या मिस्त्र्यांपुढे तापलेल्या गाड्यांची रांग लागते. टेल्कोने १९५४ साली डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला मालमोटारी बांधावयास आरंभ केला. तो करार १९६९ मध्ये संपला, पण त्या घराण्यातील सहा सिलिंडरांचे डिझेल इंजिन पुढे कित्येक वर्षे या देशाचा माल वाहत राहिले. त्याची दुरुस्ती करीत म्हातारे झालेले मिस्त्री येथे अजून भेटतात.

अशा इंजिनाचे ढोबळमानाने दोन भाग असतात. खाली सिलिंडरांचा ब्लॉक, वर त्याचे झाकण, म्हणजे हेड. दोन्ही ओतीव लोखंडाचे, जड आणि बळकट. या दोहोंच्या मध्ये जो पातळ पत्रा दाबून बसविलेला असतो, तो गॅस्केट. जुन्या काळी तो तांब्याच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस घालून करीत. ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस घातक असल्याचे सिद्ध झाल्यावर इतर पदार्थ आणि पोलादी पत्र्यांचे थर प्रचारात आले. सिलिंडरातील जळता वायू, वंगणाचे तेल आणि थंडाव्याचे पाणी या तिघांना शेजारी नांदवावयाचे, पण एकमेकांच्या घरात शिरू द्यावयाचे नाही, एवढेच त्याचे काम. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरातील दाब वातावरणाच्या दाबाच्या साठपटीहून अधिक होतो. तो दाब प्रत्येक स्फोटागणिक हा पत्रा सोसतो, आणि सोसतो तोवर त्याचे नावही कोणी घेत नाही.

तो उडाला हे ओळखावयाचे कसे? आपल्या नैयायिकांनी पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान केले. मिस्त्री मागच्या नळीतून निघणाऱ्या पांढऱ्या धुरावरून पाण्याचे अनुमान करतो. कारण तो धूर नसून सिलिंडरात शिरलेल्या पाण्याची वाफ असते. सातव्या शतकातील धर्मकीर्तीने ‘न्यायबिंदू’त बजावले आहे की, जे दिसते आहे ते धूर की बाष्प, याविषयीच संशय असेल तर त्यावरून अग्नी सिद्ध होत नाही. मिस्त्रीने हा ग्रंथ पाहिलेला नसतो. पण त्याची रीत हीच असते. एका लक्षणावर तो निकाल देत नाही. बाहेर थेंबही न गळता पाणी घटते आहे काय? इंजिन चालू असता रेडिएटरच्या तोंडाशी सारखे बुडबुडे येतात काय? तेलाला दूध घातलेल्या चहाचा रंग आला आहे काय? शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच उतरला आहे काय? “गाडी पानी पी रही है” असे चालकाने सांगितले तरी तो मान डोलावून पुन्हा पाहतो. कारण हेडला तडा गेला असला तरी पाणी असेच नाहीसे होते, आणि तेलाच्या कूलरमध्ये बिघाड असला तरी तेल असेच पांढुरके होते.

पुढची दुरुस्ती हे हाताचे काम आहे. हेड उतरवावयाचे, दोन्ही पृष्ठे खरवडून स्वच्छ करावयाची, सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून तिच्याखाली फिलर गेजचे पाते शिरते की नाही ते पाहावयाचे. हेड वाकले असेल तर ते घासून सपाट करावयाचे. मग नवा पत्रा ठेवून बोल्ट मधून कडेकडे अशा क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, मापाच्या पान्याने आवळावयाचे. पण कसबी मिस्त्री येथे थांबत नाही. गॅस्केट आपण होऊन सहसा उडत नाही. इंजिन अति तापले, हेड वाकले, आणि मग पत्र्याची पकड सुटली. तेव्हा खरा प्रश्न उरतोच: इंजिन तापले का? खाऱ्या पाण्याच्या साक्याने रेडिएटरच्या नळ्या बुजल्या? पंख्याचा पट्टा सैल झाला? की बारीक गळती थांबविण्यासाठी चालक मंडळी रेडिएटरमध्ये हळदपूड टाकतात, त्या उपायानेच वाट अडविली? याचा शोध न लावता हेड बंद केले तर नवे गॅस्केटही जुन्याच्याच वाटेने जाते.

अशाच एका दुरुस्तीच्या वेळी मालक आणि चालक यांचा वाद मी ऐकला. मालकाचे म्हणणे असे की, काटा लाल खुणेवर गेला असता याने गाडी हाकली. म्हणून खर्च याच्या पगारातून कापला जाईल. चालकाचे म्हणणे असे की, रेडिएटर साफ करवा हे मी होळीपासून सांगत होतो. पैसे मिळाले नाहीत, आणि माल सकाळी पोहोचलाच पाहिजे असा निरोप मात्र मिळाला. मिस्त्रीने काही न बोलता रेडिएटर जमिनीवर आडवा केला आणि वरून पाणी ओतले. खालून बोटभर धार आली. “पहले यह,” एवढेच तो म्हणाला. मालकाने रेडिएटर बदलून घेतला. पगारातील कपात मात्र कायम ठेवली. कारण त्याला पटले होते. दोष त्याने आधीच नेमून ठेवला होता.

न्यायशास्त्रात कुंभाराच्या गाढवाचे एक मार्मिक उदाहरण येते. मडके होण्यापूर्वी ज्याने माती वाहून आणली ते गाढव तेथे होते खरे, पण ते मडक्याचे कारण नव्हे. शास्त्रकार त्याला ‘अन्यथासिद्ध’ म्हणून बाजूस सारतात. व्यवहारात आपण उलट करतो. मडके फुटले की प्रथम गाढवालाच काठी बसते, कारण ते जवळ असते आणि उलट बोलत नाही.

परंतु कोणी म्हणेल, ही कारणांची साखळी मागे न्यावयाची तरी कोठवर? चालकाने मालकाकडे बोट दाखवावे, मालकाने भाडे पाडून मागणाऱ्या व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याने बाजाराकडे. आणि शेवटी सर्वच निर्दोष ठरावेत. ही शंका खोटी नाही. कारणांची साखळी मागे मागे नेत जबाबदारीचे बाष्प करून टाकणारे चतुर लोक थोडे नाहीत. म्हणून कारण आणि उत्तरदायित्व यांत भेद केला पाहिजे. कारण कितीही मागे जाऊ शकते. उत्तरदायित्व मात्र तेथेच थांबते, जेथे बिघाडाचे ज्ञान आणि तो टाळण्याचे सामर्थ्य ही दोन्ही एका ठिकाणी असतात.

या मापाने चालक सर्वस्वी सुटत नाही. काटा त्याला दिसत होता आणि किल्ली त्याच्या हाती होती. तेवढ्या मैलांचा जबाब त्याने दिलाच पाहिजे. पण मालकाला हे ज्ञान कित्येक आठवडे होते आणि उपायाचा पैसाही त्याच्याच पेटीत होता. शिवाय आणखी एक गोष्ट आपण विसरतो. थांबण्याचे सामर्थ्य केवळ किल्लीत नसते. गाडी थांबविली तर नोकरी जाईल असे ज्याला वाटते त्याचे सामर्थ्य त्या भीतीने आधीच निम्मे झालेले असते. आणि ज्याने ती भीती घातली, न थांबण्याचा तितका वाटा त्याच्याकडे जातो. दुसऱ्याचे थांबणे आपण महाग करून ठेवावे आणि मग तो थांबला नाही म्हणून त्यालाच दंड करावा, यात हिशेब असेल, न्याय नाही.

हा मोह व्यक्तींपुरताच नाही. झाशीच्या पाडावाची कथा येथील लोक सांगतात ती बहुधा ओरछा दरवाजा उघडणाऱ्या दुल्हाजूची. पण ह्यू रोजने मार्च १८५८ मध्ये घातलेला वेढा, तोफांनी पडलेले खिंडार, १ एप्रिलला बेतवेकाठी झालेला तात्या टोप्यांचा पराभव आणि ३ एप्रिलचा निर्वाणीचा हल्ला यांचा विचार करता, एका दरवाजावर साऱ्या पराभवाचा भार घालता येत नाही. लोककथेला तो घालावासा वाटतो, कारण एक फितूर सापडला की उरलेल्या प्रश्नांतून सुटका होते. फितुरीची कथा ऐकून आपल्याला राग येतो. वेढ्याचा इतिहास वाचून विचार करावा लागतो.

मग दुरुस्ती करणाऱ्याचे कर्तव्य काय? मिस्त्री असो, चौकशी अधिकारी असो, की टिपणी लिहिणारा साधा कारकून असो, त्याला निवाड्याचा अधिकार बहुधा नसतो. त्या मिस्त्रीलाही नव्हता. पगाराची कपात तो थांबवू शकला नाही. पण रेडिएटर जमिनीवर ठेवून त्यातून पाणी ओतणे त्याच्या हाती होते, आणि तेवढे त्याने गिऱ्हाईक दुखावेल याची पर्वा न करता केले. खरे कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडणे, आणि ते मांडल्यावाचून हेड बंद न करणे, एवढे ज्याच्या त्याच्या कक्षेत असते. त्यानंतरही ज्याला गॅस्केटलाच शिक्षा करावयाची असेल तो करील. पण आपल्याला ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय त्याला राहणार नाही.