उरलेले तुकडे

दिवाळी चार दिवसांवर आली की आमच्या आळीतल्या सुतारकाकांच्या पडवीतून लाकडाची पोती घरोघर जाऊ लागतात. रंध्याच्या ढलप्या, करवतीखाली पडलेली टोके, गाठ आली म्हणून बाजूला टाकलेली फळी. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाणी तापवायला ह्यासारखे जळण नाही. मीही दरवर्षी एक पोते आणतो. यंदा मात्र गेलो आणि रिकाम्या हाताने परतलो.

पडवीच्या भिंतीवर दोन हात लांबीची एक फळी टांगलेली होती. तिच्यावर फणसाचे पिवळे, सागाचे तपकिरी, शिसवीचे काळसर, आंब्याचे फिकट असे लहानमोठे तुकडे जोडून बसविले होते. काही उंच, काही खोल. त्यामुळे दारातले ऊन पडले की सावल्याही त्या नक्षीत सामील होत. रंग कोठेच लावला नव्हता. एका तुकड्यातले खिळ्याचे भोकसुद्धा तसेच ठेवले होते.

“कोणी केलं हे?” मी विचारले. काकांनी आत बसलेल्या मुलाकडे बोट दाखविले. तो माझाच विद्यार्थी. नववीत दुसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा भर वर्गात मी त्याला म्हणालो होतो, “तू कशाच्याही उपयोगाचा नाहीस.”

तो उठला, “बसा ना, सर,” म्हणाला आणि पाणी घेऊन आला. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

घरी आल्यावर लुईझ नेव्हल्सन ह्या अमेरिकी शिल्पकर्तीची आठवण झाली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर टाकून दिलेले लाकूड ती गोळा करी, खोक्यांतून मांडी आणि सगळे एकाच काळ्या रंगाने रंगवी. ‘स्काय कॅथेड्रल’ ही तिची १९५८ सालची कृती भिंतीएवढी आहे. त्या काळ्या रंगाखाली कोणता तुकडा कोठला, हा प्रश्नच मिटतो. कलेत ते शोभते. पण नापास मुलगा पुढे नाव काढतो तेव्हा आपण “पाहा, रत्न निघाले!” म्हणतो, तोही एक रंगच. तो आपण आपल्या चुकीवर फासतो.

तुकडा टाकाऊ होतो तो कोणत्या क्षणी? फळी साडेचार फुटांची, मेज चार फुटांचे. अर्धा फूट उरला. त्यात लाकडाचा काय दोष? उरणे हा लाकडाचा गुण नव्हे. तो मापाचा हिशेब. मी स्वतः दहावीपुढे शिकलेलो नाही. कॉलेजच्या हिशेबी मीही उरलेलाच तुकडा. तरी वर्गात पस्तीस गुणांची पट्टी हाती घेऊन उभा राहिलो की हे विसरतो.

पट्टी नको, असे मी म्हणणार नाही. मापाशिवाय मेज होत नाही. पण पट्टी फक्त ‘बसत नाही’ एवढेच सांगते. ‘उपयोगाचा नाही’ हे वाक्य पट्टीवर नव्हते. ते माझे होते.

आणि समजा, त्या मुलाने ही नक्षी केलीच नसती, तर माझे वाक्य खरे ठरले असते काय? माणसाने आधी भिंतीवर शोभून दाखवावे, मग आम्ही त्याला मान देऊ, हा कोठला न्याय?

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ती फळी विकत घ्यावी असे मनात होते. पण पैसे मोजून ती घरी टांगली असती तर माझी सुटका फार स्वस्तात झाली असती. म्हणून एवढेच म्हणालो, “अरे, त्या दिवशी माझं चुकलं.”

तो थोडा वेळ खाली पाहत राहिला. मग कोपऱ्यातले पोते पुढे ओढून म्हणाला, “सर, आंघोळीला हे घेऊन जा. सगळ्याच तुकड्यांची चित्रं होत नाहीत. पाणी मात्र चांगलं तापतं.”

आणि त्याने पोत्याचे तोंड घट्ट बांधून दिले.